रामटेके पंचांचा कान

प्रेमानंद रामटेके यांच्यावर दोन पानं लिहावीत, इतकंही श्रीधर हरकरे यांना त्यांच्याविषयी ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कबड्डीच्या मैदानाबाहेर त्यांनी रामटेक्यांना फार तर चार-पाच वेळा पाहिलं असेल. त्यांच्या घरी कोण कोण होतं, त्यांना जेवणात काय आवडायचं, एकटे असले की ते काय करायचे, यातलं काही श्रीधररावांना सांगता येणार नाही. ओळखीची होती ती त्यांची पाठ. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातली, थोडी डावीकडे झुकलेली. रामटेके पंच शिटी घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि त्यांच्या मागे, टेबलाशी, गुण लिहायला श्रीधरराव बसायचे. अशी कितीतरी वर्षं गेली.

श्रीधरराव महालातले, म्हणजे जुन्या नागपुरातले. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. खेळाशी त्यांचा संबंध लहानपणी लगोरीत डोकं फुटलं होतं एवढाच. कचेरीतला त्यांचा जोडीदार देवराव हा उत्तर नागपुरातल्या एका कबड्डी स्पर्धेचा सचिव होता. "हरकरे, अक्षर चांगलं हाय तुमचं, घरी बसून का कराल? गुण लिहाले या," असं तो एकदा म्हणाला आणि श्रीधररावांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पुढं दर हिवाळ्यात महालातून बस बदलून ते त्या मैदानावर येऊ लागले.

पहिल्या वर्षीच त्यांनी रामटेक्यांशी ओळख करायचा प्रयत्न केला होता. मागून म्हणाले, "आज ऊन कमी आहे, नाही?" उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "चहा घेणार का?" तेव्हाही नाही. श्रीधररावांनी मनाशी समजून घेतलं. आपण महालातले, वरच्या जातीतले, परके. हा गिरणीत राबलेला बस्तीतला माणूस, आपल्याशी कशाला बोलेल? आणि त्याचं काही चुकतं असंही नाही. तेव्हापासून त्यांनी बोलणं सोडलं. गंमत म्हणजे, सामना संपल्यावर रामटेके टेबलावर वाकून गुण तपासायचे तेव्हा अगदी मोकळे बोलायचे. "बरोबर हाय साहेब. तुमचं लिहिणं म्हणजे मोती." हे कोडं श्रीधररावांना कधी उलगडलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

रामटेक्यांचं नाव मोठं होतं ते त्यांच्या कानामुळं. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं समोरच्या अंगणात असेपर्यंत एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहायचं असतं. आवाज ऐकू आला पाहिजे, आणि तो मध्ये तुटला की गडी बाद. पाच-सहा जणांच्या ढिगाखाली चढाईवाला दबलेला असताना रामटेके मॅटवर आडवे व्हायचे, डोकं ढिगात घालायचे आणि सांगायचे, दम चालू आहे की तुटला. त्यावर कोणी वाद घालत नसे. एका अंतिम सामन्यात त्यांनी स्वतःच्या मुलाला, अश्विनला, दम तुटला म्हणून बाद दिलं होतं. बस्तीचा चषक गेला आणि घरात पोरगा बापाशी बोलेनासा झाला, असं लोक सांगत. सांगताना हसत, पण त्या हसण्यात अभिमान असे.

त्यांनी आणखी एक चाल पाडली होती. स्पर्धेच्या सुरुवातीला खेळाडू शपथ घेतात, ती सगळीकडेच असते. रामटेके पंचांनाही शपथ घ्यायला लावायचे. सगळ्या पंचांनी खेळाडूंच्या रांगेसमोर उभं राहायचं, हात पुढं करायचा आणि म्हणायचं, "आम्ही पंच कोणाचीही बाजू न घेता, नियमाला धरून आणि खेळाच्या खऱ्या भावनेनं निर्णय देऊ."

गेल्या फेब्रुवारीत मुलींची स्पर्धा होती, त्या रविवारी सकाळीही शपथ झाली. देवराव माईक हातात धरून कंटाळलेला होता.

"शपथ पोरींनी घ्यायची असते गा भाऊ. आपण बुढे माणसं कशाले?"

"ऑलिम्पिकमध्ये पंचबी घेतात," रामटेके म्हणाले. पंचांच्या परीक्षेला गेले होते तेव्हा त्यांनी ते ऐकलं होतं आणि डोक्यात धरून ठेवलं होतं.

"हे ऑलिम्पिक हाय का? इथं मागून बकऱ्या येतात."

"बकऱ्या आल्या म्हून का नियम बदलते?"

पोरी फिदीफिदी हसल्या. त्यात झुंजार मंडळाच्या पोरी सर्वांत पुढं होत्या. झुंजार म्हणजे रामटेक्यांच्याच बस्तीचा संघ. त्यातली वैभवी ही चढाईची हुकमी पोरगी त्यांच्या शेजारच्या घरातली. पाच वर्षांची असताना त्यांनीच तिला अंगणात रेघ ओढून पाय कसा टाकायचा ते शिकवलं होतं. ती त्यांना आबाजी म्हणायची.

सकाळच्या सत्रात झुंजारचा उपांत्य सामना हिंगण्याच्या मुलींशी होता. सामना सुरू व्हायच्या आधी देवराव काहीतरी विचारायला आला आणि रामटेक्यांच्या मागे उभा राहून त्यानं हाक मारली, "प्रेमानंदभाऊ." मग जरा मोठ्यानं, "ओ प्रेमानंदभाऊ!" पाठ हलली नाही. तिसऱ्यांदा देवराव ओरडला. शेवटी तो समोर जाऊन उभा राहिला, तसे रामटेके लगेच म्हणाले, "बोल ना गा, का म्हणतो?"

श्रीधररावांच्या हातातला पेन थांबला. देवराव महालातला नव्हता. देवराव रामटेक्यांच्या लग्नात वाढप्या होता. त्याच्याशी अबोला धरायचं काय कारण?

इतकी वर्षं मनात धरून ठेवलेली एक गोष्ट सैल झाली आणि तिच्या जागी दुसरी, जास्त वाईट, येऊन बसली. त्यांनी ती झटकली. 'आपल्याला काय कळतं,' ही त्यांची नेहमीची सवय होती. पण सामना सुरू झाल्यावर त्यांनी नको नको म्हणत कान दिला.

वैभवी चढाईला गेली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी," आवाज स्वच्छ येत होता. ती आत, फार आत गेली, आणि आवाज गेला. ओठ हलत होते. तिनं श्वास घेतला, खांदे वर आले तेही दिसलं, आणि मग पुन्हा "कबड्डी, कबड्डी." परत येता येता तिनं कोपऱ्यातल्या पोरीला हात लावला. रामटेके पंच अगदी जवळ, तिच्या तोंडाकडं एकटक बघत उभे होते. शिटी वाजली ती झुंजारला गुण द्यायला.

आपणच नीट ऐकलं नसेल, असं श्रीधरराव स्वतःला म्हणाले. समोरच्या बाजूला मुकुंद नावाचा तरुण पंच होता, त्यानंही काही म्हटलं नाही. पण मुकुंद दर निर्णयाआधी रामटेक्यांकडं पाहायचा, हेही श्रीधररावांना माहीत होतं. त्या कानापुढं आपला कान कोण काढील?

झुंजार जिंकली. हिंगण्याच्या पोरी डबे खाऊन आपल्या गाडीत बसून निघून गेल्या.

दुपारी अंतिम सामना सावनेरच्या संघाशी. त्यांची प्रशिक्षक भावना ही तिथल्या शाळेत खेळ शिकवणारी बाई, तरतरीत, तोंडाची फटकळ. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. बायका पदर डोक्यावर घेऊन उन्हात बसल्या होत्या, पोरं भिंतींवर चढली होती, आणि मधल्या प्रत्येक थांब्यात कर्णे छाती हादरवत होते. त्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार? पण चढाई चालू असताना गाणं बंद असे, आणि श्रीधरराव मैदानापासून दोन पावलांवर होते.

वैभवी पुन्हा गेली. पुन्हा आत गेल्यावर आवाज गेला, नळाचं पाणी जावं तसा. सावनेरच्या दोन पोरींनी तर हात वर करून पंचाकडं पाहिलं. शिटी नाही. वैभवीनं दोघींना बाद केलं आणि ती हसत परत आली.

श्रीधररावांनी गुण लिहिले नाहीत.

"लिहा जी, का पाहून राहिले?" देवराव म्हणाला.

"देवराव, तिचा आवाज..."

"का म्हणता?"

"काही नाही." त्यांनी दोन गुण लिहिले. अक्षर वाकडं आलं.

मध्यंतराला झुंजार बरीच पुढं होती. रामटेके मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पाण्याच्या कॅनजवळ गेले. कर्णे सुरू झाले. आणि भावना तरातरा टेबलाशी आली.

"काका, तुम्ही सगळ्यात जवळ बसता. खरं सांगा, त्या पोरीचा दम तुमाले ऐकू आला?"

श्रीधररावांनी समोरचा कागद सारखा केला. "मी फक्त गुण लिहितो, ताई."

"कान तर आहेत न तुमाले?"

"ओ मॅडम," देवराव मध्ये पडला, "पंच कोण हाय ते माहीत हाय का? स्वतःच्या पोराले बाद देणारा माणूस हाय तो."

"पोराले दिलं असेल तवा. आता बस्तीची पोरगी, बस्तीचा पंच. मिळालेला आहे तुमचा पंच!" हे ती ओरडून बोलली नव्हती. गाण्याच्या दणदणाटात श्रीधररावांनाच ते कसंबसं ऐकू आलं.

पण मैदानाच्या पलीकडं रामटेक्यांनी ओठाला लावलेला पेला खाली ठेवला. ते सरळ मैदान ओलांडून आले. चालताना त्यांची नजर भावनाच्या तोंडावरून हलली नव्हती.

"का म्हटलं बाई तुमी? मी मिळालेला हाव?"

भावना गडबडली. इतक्या लांबून, एवढ्या आवाजात यांना ऐकू कसं गेलं, हे तिला कळेना. देवराव मात्र हसला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "गिरणीवाल्याच्या समोर जपून बोला बाई. हे लोक ओठ वाचतात. कापड विणायच्या साच्यांच्या खोलीत एवढा खडखडाट, की जोडीदार बाजूले उभा राहून ओरडला तरी ऐकू येत नव्हतं. समदे ओठ पाहूनच बोलत." तो हे कौतुकानं सांगत होता. आपण काय सांगतो आहोत हे त्याला कळलं नव्हतं.

श्रीधररावांना कळलं. आवाज गेला तरी वैभवीचे ओठ हलतच होते.

"गाणं बंद कर रे!" रामटेके ओरडले. कर्णे थांबले. "बाई, तुमी माया नावावर बोट ठेवलं. आता समद्यायसमोर होऊ द्या. वैभवी! इकडं ये वं."

वैभवी ओढणीनं तोंड पुसत आली. तिच्या मागे सगळा झुंजार संघ. लोक उठून पुढं सरकले.

"सांग यायले. चढाईत दम सोडला का तू?"

त्यांच्या आवाजात शंका नव्हती. पोरगी नाही म्हणेल, भावनाबाई वरमेल आणि दुसरा डाव सुरू होईल, असंच त्यांना वाटत असणार.

वैभवी खाली पाहू लागली.

"वर पाहून बोल."

"आबाजी..." तिनं मान वर केली. ती घाबरली होती, आणि त्याहून जास्त गोंधळली होती. "तुमीच तर सोडून राहिले होते न."

"मी? मी का सोडून राहिलो?"

"माया दम तुटला तरी तुमी शिटी नाही मारत. मागच्या साली पयल्यांदा तुटला, मले वाटलं बाद झाली. पण तुमी माया तोंडाकडं पाहून राहिले होते आन् काहीच नाही म्हटलं. मंग आमाले समजलं का तुमी आमच्याकडून हाय."

"आन् ते शपथ?"

"ते आमाले वाटलं माईकसाठी असते," ती हळूच म्हणाली.

कोणीतरी भिंतीवरून हसलं, आणि लगेच गप्प झालं.

रामटेक्यांचा चेहरा श्रीधररावांना अगदी समोरून दिसत होता. एरवी त्यांना पाठच दिसायची. बाईनं मिळालेला म्हटलं तेव्हा त्या चेहऱ्यावर राग होता. आता राग नव्हता. हातचं काही सुटून पडलं आणि ते कुठं पडलं हे दिसत नसावं, तसं काहीतरी होतं.

ते एकदम वळले आणि वैभवीकडं पाठ करून उभे राहिले. तोंड टेबलाकडं.

"म्हण," ते म्हणाले. "चढाईत म्हणते तशी म्हण."

वैभवीनं इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणू लागली, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

"म्हण ना वं."

ती आवाज चढवून म्हणू लागली. तिच्या मैत्रिणी श्वास धरून उभ्या होत्या. एवढं मोठं मैदान, हजारभर माणूस, आणि एकट्या पोरीचा आवाज. मागच्या घरांच्या भिंतींवरून तो परत येत होता.

"काहून चूप हायस? म्हण म्हटलं न तुले!"

वैभवीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, पण ती थांबली नाही. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. देवरावनं तोंडावर हात घेतला. भावना पुढं आली आणि तिनं वैभवीच्या खांद्यावर हात ठेवला, बस म्हणून. तरी पोरगी म्हणतच राहिली.

रामटेक्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना माणसांची तोंडं वाचता येत होती. शेवटी ती नजर टेबलावर येऊन थांबली.

"हरकरे साहेब, तुमी खोटं नाही सांगणार. म्हणून राहिली का ते?"

आयुष्यभर श्रीधररावांनी असे प्रश्न दुसऱ्यावर ढकलले होते. कचेरीत साहेबांवर, घरी बायकोवर. इथं ढकलायला कोणी नव्हतं. ते नाही म्हणू शकत होते. म्हणाले असते तर हा माणूस पुढं पाच वर्षं त्याच कडक शर्टात, त्याच कडेला उभा राहिला असता, आणि लोकांनी त्याच्या माघारी हवं ते म्हटलं असतं. हो म्हटलं की शिटी गेली. मान हलेचना. मग हलली.

"हो," ते म्हणाले. आवाज फुटला नाही, पण ओठ हलले, आणि तेवढं पुरे होतं.

"मले तर ऐकू येते, असंच वाटत होतं," रामटेके कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. मग त्यांनी गळ्यातली काळी दोरी डोक्यावरून काढली आणि शिटी मुकुंदच्या हातात दिली.

आणि त्यानंतर खरी गडबड उडाली.

"पयल्यापासून खेळवा," रामटेके म्हणाले. "गुण शून्य."

"असं कसं गा?" देवराव चिरकला. "दुसऱ्या हाफले मुकुंद उभा राहील, झालं. पयला हाफ झाला तो झाला."

"पयला हाफ म्या पाहिला, ऐकला नाही. आन् सकाळचाबी तसाच. हिंगण्याले फोन लाव."

"त्या पोरी घरी पोचल्या असतील!"

"लाव म्हटलं न."

बस्तीतली माणसं आता मैदानात घुसली होती. "आपल्याच पोट्ट्यायचं नुकसान करून राहिला बुढा!" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "बहिऱ्याले पंच केलं कोणं बे?" झुंजारच्या एका पोरीची आई रामटेक्यांच्या तोंडासमोर हात नाचवून म्हणाली, "पोराच्या टाइमालेबी तुमाले लोकायचीच पडली होती. बस्तीचं कवा पाहसान तुमी?" हे सगळं तोंडासमोरच होतं. एकही शब्द त्यांच्याकडून सुटला नसेल. ते एका जागी उभे राहिले आणि ज्यानं त्यानं म्हणून घेतलं.

भावनालाच राहवलं नाही. ती जवळ आली, नीट समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "दादा, माझ्याच संघाचा फायदा आहे, तरी सांगते. राहू द्या. मी तक्रार मागं घेते. तुमची चूक नाही यात."

"तुमची तक्रार मागं घ्याल बाई. त्या पोरीले वाटते म्या तिची बाजू घेतली, ते कोण मागं घेईल?"

देवराव फोन लावायला बाजूला गेला.

फोन लागला. हिंगण्याचे मास्तर आधी चिडले, मग म्हणाले, आता पोरी पांगल्या, परत आणणं होत नाही. सावनेरशी खेळून घ्या. पण सांगितलं हे बरं केलं. रामटेक्यांनी देवरावला ते शब्द पुन्हा, समोर उभं राहून सांगायला लावले, आणि मग मान हलवली.

सामना पहिल्यापासून झाला. श्रीधररावांनी नवा कागद घेतला. रामटेके बायकांच्या गर्दीमागे, भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. कोणी जवळ उभं राहायला तयार नव्हतं. वैभवी इतक्या मोठ्यानं "कबड्डी" म्हणत होती की मधेच तिचा गळा बसला, आणि दोनदा मुकुंदनं तिला दम तुटला म्हणून बाद दिलं. आत खोल जायची तिला सवय लागली होती, पण तेवढा दम तिच्यात नव्हता. झुंजार थोडक्यात हरली.

बक्षीस समारंभाला रामटेके थांबले नाहीत. गुण तपासायला टेबलावर वाकून "मोती" म्हणणारं त्या दिवशी कोणी नव्हतं.

पुढं काय झालं ते श्रीधररावांना तुकड्यातुकड्यांनी कळलं, तेही देवरावकडून. बस्तीत काही दिवस लोक रामटेक्यांशी बोलत नव्हते. वैभवी महिनाभर त्यांच्या अंगणातून गेली नाही, लांबच्या गल्लीनं जायची. मग एका सकाळी गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहून नुसतं "कबड्डी" म्हणू लागली, दम तुटेपर्यंत. ते बोटांनी ताल मोजत राहिले. त्यानंतर ती रोज जायची म्हणे. देवरावनं हे चहा पिता पिता सांगितलं. श्रीधररावांनी त्याला दोनदा विचारलं, नक्की का? देवराव म्हणाला, "मी कशाले खोटं सांगू जी."

भर उन्हाळ्यात, बोलेनासा झालेला तो मुलगा, अश्विन, आला आणि वडिलांना भिवापूरला आपल्याकडं घेऊन गेला. पावसाळ्यात ते तिथंच वारले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं फोनवर देवराव म्हणाला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला श्रीधरराव गेले होते. बोलायला उभे राहा, तुम्ही इतकी वर्षं सोबत होते, असं लोक म्हणाले. त्यांना उठता आलं नाही. उठून सांगायचं तरी काय? सोबत होते ते खरं, पण मागच्या बाजूनं. ज्या माणसाला त्यांनी गर्विष्ठ समजून इतके हिवाळे सोडून दिलं, त्याच्यासमोर जाऊन एकदा उभे राहिले असते तर बऱ्याच गप्पा झाल्या असत्या.

समोर उभं राहायचं एकदाच जमलं. रामटेके भिवापूरला जायच्या आधीच्या आठवड्यात. श्रीधररावांची लेक उत्तर नागपुरात राहते, तिच्याकडं ते गेले होते, आणि तिनं बाजारात धाडलं होतं. भाजीवाल्यांच्या रांगेत तो पांढरा शर्ट दिसला. आज इस्त्री नव्हती. श्रीधरराव सवयीनं मागून हाक मारणार होते. थांबले, वळसा घालून पुढं गेले आणि अगदी तोंडासमोर उभे राहिले.

"अरे, हरकरे साहेब!" रामटेक्यांचा चेहरा उजळला. "इकडं कसे?"

"लेकीकडं आलो होतो. बरे आहात?"

"बरा हाव. पोरानं मशीन घेऊन देल्लं कानाचं. खिशात हाय. बाजारात लावलं का समदे एकाच वेळी भांडून राहिले वाटते."

श्रीधरराव हसले. काय काय बोलायचं त्यांच्या मनात होतं, त्या दुपारबद्दल, हो म्हणताना हललेल्या मानेबद्दल. ते ओठावर आलं असेलही थोडं, कारण रामटेके क्षणभर त्यांच्या तोंडाकडं थांबून पाहत राहिले. मग त्यांनी नजर पिशवीकडं वळवली.

"सांबार घेतला का?" त्यांनी विचारलं. पिशवीतून कोथिंबिरीची हिरवी जुडी बाहेर आली होती.

"घेतला."

"ओला दिसते. घरी गेल्यावर पसरून ठेवजा, नाही तर सडते."

"ठेवतो."

"बरं, येतो मंग."

"या."